कोड ७, घर बंद

मी स्थलांतरावर काम करते, म्हणजे एक देश सोडून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसांवर, आणि हे कळलं की लोक पहिल्यांदा म्हणतात की मग तुमचं परदेशात बरंच फिरणं होत असेल. होतं थोडंफार, पण माझं निम्मं काम जिथून माणसं निघून गेलीत तिथे असतं. हा अनुभव अशाच एका गावातला आहे, डोंगरउतारावर वसलेलं गाव, नाव देत नाही कारण नाव दिलं तर माणसं ओळखू येतील आणि ती ओळखू येणार नाहीत असं मी त्यांना लेखी दिलंय.

सर्व्हे साधा होता. घरोघरी जायचं, घरातलं कोण परदेशात आहे, कधी गेलं, कशाला गेलं, पैसे पाठवतं का, परत यायचा विचार आहे का, असे साधारण चाळीस मिनिटांचे प्रश्न. जुन्या घरयादीतून चाळीस घरं निवडलेली. नियम असा की घराला कुलूप असेल तर तीन फेऱ्या मारायच्या, तरी बंदच असेल तर टॅबमध्ये कोड ७ टाकायचा, 'घर बंद', आणि उजव्या हाताचं पुढचं घर बदली म्हणून घ्यायचं. म्हणजे सॅम्पल चाळीसचं चाळीस राहतं. हा नियम मी कितीतरी प्रोजेक्टमध्ये बघितलाय, ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना शिकवलाय सुद्धा, आणि त्यावर कधी थांबून विचार केला नव्हता हे मला इथे कबूल करायचंय.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तीन घरांना कोड ७ टाकून बदली घरं घेतली होती. चौथ्या घराची ती तिसरी फेरी. कुलूप नव्हतं. दार ओढून घेतलेलं आणि वरची खिडकी सताड उघडी. हाक मारली तर एक मुलगी बाहेर आली, वीस-एकवीस वर्षांची असेल, हातात झाडू आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा.

"इथे कोणी राहत नाही मॅडम, मी फक्त आठवड्यातून एकदा उघडते."

"किती घरं उघडतेस अशी?"

"अकरा."

पायरीवर बसलो. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि सोबत एक वही. ती वही तिने स्वतःहून दाखवली आणि मी खरंच अवाक झाले, कारण आमच्या फॉर्मपेक्षा ती जास्त नीट होती. घरमालक कुठल्या देशात, कुठल्या शहरात, आपल्यापेक्षा घड्याळ किती तास पुढे किंवा मागे, व्हिडिओ कॉल कुठल्या वारी चालतो, शेवटचे कधी येऊन गेले, छत कुठे गळतं, कुठल्या भिंतीला ओल आहे, कोणाचं वीजबिल कोण भरतं. युरोपातल्यांच्या नावापुढे तासांचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला, का तर तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं आणि मग तिलाही तो खोडावा लागतो. (मी स्वतः मुलाखती ठरवताना हे विसरून चुकीच्या वेळी फोन केलेत.) अकरापैकी सहा घरं आमच्या चाळीसच्या यादीत होती. मी सकाळी ज्यांना कोड ७ टाकला त्यातली दोन त्या सहात.

मग मी तिला सहज विचारलं की याचे पैसे मिळतात का, तर म्हणाली हो, नऊजण दर महिन्याला पाठवतात, दोघं वर्षाचे एकदम देतात. तिच्या स्वतःच्या घरी माझा सहकारी आदल्या दिवशीच जाऊन आला होता. टॅबवर बघितलं, 'परदेशातून पैसे येतात का' याचं उत्तर 'नाही'. तिच्या वडिलांनी खोटं सांगितलं नव्हतं, आमचा प्रश्नच होता की घरातला कोणी सदस्य परदेशातून पैसे पाठवतो का. सदस्य कोणीच नाही. शेजारी पाठवतात, अकरा घरं मिळून, आणि त्यावर तिच्या घरातला निम्मा खर्च चालतो. आमच्या डेटात ते घर 'परदेशाशी संबंध नाही' या रकान्यात गेलेलं.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते जरा सांगते, कारण बाहेरून बघितलं तर चार बंद घरांचा काय एवढा प्रश्न असं वाटेल.

घरोघरी सर्व्हे करताना आपण मागे राहिलेल्यांना विचारतो की कोण गेलं. म्हणजे मागे सांगायला निदान एक माणूस लागतं. अख्खं घर गेलं तर सांगणारं कोणी नाही, आणि ते घर आकड्यातून पुसलं जातं. त्याच्या जागी आपण बदली म्हणून कुठलं घर घेतो, तर ज्यात माणसं आहेत, म्हणजे जे गेलेले नाहीत त्यांच्यातलं. बहुतेक गावांत आधी एकजण जातो, मग तो नवऱ्याला किंवा बायकोला नेतो, मग मुलं, मागे म्हातारं माणूस राहतं, आणि ते गेलं की कुलूप. जोवर ते म्हातारं माणूस आहे तोवर आपल्या फॉर्मवर तीन-चार स्थलांतरित दिसतात, पैसेही येताना दिसतात. कुलूप लागलं की एका फटक्यात सगळं शून्य. नंतर दोन सर्व्हेंची तुलना करणारा कोणी म्हणेल की या गावातलं स्थलांतर कमी झालं, पैसे येणं घटलं, म्हणजे लोक परत यायला लागले वाटतं. गावात त्याच्या बरोब्बर उलटं झालेलं असतं.

ही अडचण जुनी आहे आणि ज्यांनी मनापासून काम केलं त्यांनी त्यावर उपायही केलेत. डग्लस मॅसी आणि होर्हे दुरान्द यांनी १९८२ मध्ये मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्यांचा जो अभ्यास सुरू केला त्यात गावातली साधारण दोनशे घरं घ्यायची, तीही शक्यतो हिवाळ्यात, कारण तेव्हा हंगामी कामवाले घरी आलेले असतात, आणि मग त्याच गावची जी कुटुंबं अमेरिकेत कायमची राहिलीत त्यातली काही तिकडे जाऊन शोधायची आणि त्यांनाही तेच प्रश्न विचारायचे. कष्टाचं आणि खर्चाचं काम, पण त्यामुळेच त्यांना हे दिसलं की सीमेवरचा बंदोबस्त वाढवल्यावर लोक जायचे थांबले नाहीत, परत यायचे थांबले, कारण पुन्हा ओलांडायची जोखीम कोण घेणार. फक्त एका टोकाला उभं राहून हे कळलंच नसतं.

आणि मोठमोठ्या यंत्रणा सुद्धा यात चुकतात. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं विमानतळ-बंदरांवरच्या प्रवाशांना विचारून स्थलांतर मोजायचे. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युरोपियन युनियनमध्ये आले, आधी तज्ज्ञांचा अंदाज होता की वर्षाला निव्वळ, म्हणजे परत जाणारे वजा करून, ५ ते १३ हजार लोक येतील, पण त्या अंदाजामागे गृहीत होतं की जर्मनीसारखे इतर मोठे देशही आपले दरवाजे उघडतील, ते त्यांनी लगेच उघडले नाहीत, आणि आले त्याच्या कितीतरी पट. त्यातले खूपसे स्वस्त विमानांनी लहान विमानतळांवर उतरत होते आणि प्रश्न विचारणारे प्रामुख्याने मोठ्या विमानतळांवर उभे. २०११ ची जनगणना झाली तेव्हा इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपासून पुढे मोजत आणलेल्या अंदाजापेक्षा ४ लाख ६४ हजारांनी जास्त निघाली. त्या ५ ते १३ हजारांच्या अंदाजाबद्दल तज्ज्ञांची अजून टिंगल होते, मला ती अन्यायाची वाटते, गृहीतक अहवालात लिहिलेलं होतं, वाचणाऱ्यांनी फक्त आकडा उचलला. पण मोजणारी माणसं कुठे उभी होती हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्या दुपारी तो माझ्याच अंगावर आला होता.

पायरीवरूनच प्रोजेक्टच्या सरांना फोन लावला. म्हटलं, सर, इथे बदली घरं घेऊ नयेत, बंद घरांचा वेगळा फॉर्म करूया. ते म्हणाले, अगं सॅम्पल डिझाइन मंजूर झालंय, मधेच नियम बदलला तर बाकीच्या गावांशी तुलना कशी करणार? मुद्दा बरोबर होता त्यांचा. मी म्हटलं मग बदली घरं राहू देत, पण बंद घरांचं एक पान वेगळं भरू, त्यावर स्पष्ट लिहू की माहिती शेजाऱ्याने दिली. दहाएक मिनिटं चाललं आमचं, आवाज थोडा चढला माझा, नंतर ते एकदम शांत झाले आणि म्हणाले, शेजाऱ्याने माहिती दिली हे ठीक, पण ज्यांची माहिती आहे त्यांची परवानगी कुठाय? वही त्या मुलीची आहे, आयुष्य त्यांचं आहे. यावर मला उत्तर नव्हतं. ज्या माणसाने हो म्हटलेलं नाही त्याचा देश, शहर, येण्याजाण्याच्या तारखा आपण कुठेतरी लिहून ठेवायच्या, आणि काहींचे कागद तिकडे पक्के नसतात, अशी वही चुकीच्या हातात गेली तर काय होईल हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहितेय. मी वहीचे फोटो काढले नाहीत, काढायचा विचार मनात येऊन गेला होता तरी.

मुलगी ऐकत होती सगळं. ती म्हणाली, "त्यांनाच विचारा ना. या घरच्या बाईंचा आज कॉल असतोच, अजून अर्ध्या तासाने त्यांची ड्युटी सुटते."

तर आम्ही त्या बंद घराच्या आत उभं राहून थांबलो. फोन लागला. पन्नाशीच्या आसपासची बाई, युरोपातल्या एका वृद्धाश्रमात काम करते, युनिफॉर्मवरच होती. आधी तिने भिंत दाखव म्हटलं. मुलीने फोन भिंतीला लावला, ओल वाढलेली नाही, मग छत, मग मागचं दार. ते सगळं झाल्यावर मी माझी ओळख सांगितली, परवानगीचा मजकूर वाचून दाखवला, नाही म्हटलंत तरी चालेल, मधे कधीही थांबवता येईल. ती म्हणाली, विचारा ताई.

पहिलाच प्रश्न. या घरात साधारणपणे किती माणसं राहतात?

"कुठल्या घरात?"

मी व्याख्या वाचली, गेल्या बारा महिन्यांत किमान सहा महिने जे इथे राहिले ते. ती थोडी थांबली. "मग शून्य."

मी टॅबमध्ये शून्य टाकला. लाल अक्षरं आली, 'सदस्यसंख्या किमान १ हवी'. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पुढचं पानच उघडेना. ज्याने तो फॉर्म बनवला त्याला शून्य माणसांचं घर सुचलंच नव्हतं, आणि तो तपासताना मलाही सुचलं नव्हतं, मीच त्याला ओके दिलेला. शेवटी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. नवरा २०११ ला गेला, ती २०१४ ला, मुलं तिच्या मागोमाग दोन वर्षांनी. सासू इथेच राहिली, २०१९ ला वारली. तेव्हापासून कुलूप.

परत यायचा विचार आहे का, याला आमच्याकडे तीन पर्याय, हो, नाही, सांगता येत नाही. तिने तिन्ही ऐकून घेतले आणि म्हणाली, "घर विकलेलं नाही, एवढं लिहा." मी तेवढंच लिहिलं.

अब्देलमालेक सायाद म्हणून एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले, स्वतः अल्जीरियाच्या काबिलियातले, फ्रान्समधल्या अल्जीरियन कामगारांवर आयुष्यभर काम केलं, १९९८ ला वारले. त्यांचं म्हणणं होतं की 'आलेला' माणूस हा आधी 'गेलेला' असतो, आणि अभ्यास करणारे मात्र त्याचं आयुष्य तो इकडे उतरला तिथूनच मोजायला लागतात. ते वाचून, परीक्षेत लिहून, वर्गात शिकवून मला वीस वर्षं झाली असतील. आज जगात ३० कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित आहेत, संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा आकडा, लोकसंख्येच्या ३.७ टक्के, हा मी भाषणात सांगते तेव्हा त्यातला बहुतेक भाग जनगणनेतून, पोचलेल्या ठिकाणी मोजलेला असतो. निघाल्याची नोंद फार कमी ठिकाणी धड होते, कारण जाताना कोणी नाव कमी करून जात नाही. घरावर, रेशनवर, मतदार यादीत नाव राहतं. किल्लीही कोणाकडे तरी राहते.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या मदतीने यादीतल्या उरलेल्या पाचही घरांना फोन केले. तिघांनी मुलाखत दिली, एकाने स्पष्ट नाही म्हटलं, एकीने उचलला नाही. चाळीसमधली आणखी तीन बंद घरं होती ज्यांची किल्ली त्या मुलीकडे नव्हती, कोणाकडे आहे तेही गावात कोणाला सांगता आलं नाही, त्यांचा कोड ७ तसाच राहिला. सरांनी पुढच्या गावांपासून एका पानाचा फॉर्म मान्य केला, फोनवर परवानगी मिळाली तरच भरायचा या अटीवर, आणि टॅबमध्ये आता शून्य टाकता येतो.

मुलीकडे माझा नंबर होता. साताठ महिन्यांनी तिचा मेसेज आला की चौथ्या नंबरच्या घरातली माणसं आलीत, दहा दिवसांसाठी, तुमचा कोड बदलायचा का? मी लिहिलं, नाही गं, दहा दिवस आमच्या व्याख्येत बसत नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा मेसेज, "गेले होते चार, आलेत तीन. मोठा मुलगा नाही दिसत. विचारू का?"

मी म्हटलं नको विचारू. त्यांना वाटलं तर ते सांगतील.