'स्लो' म्हणजे नेमकं काय?

आज दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात, आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका अडत्यांच्या पेढीवर होतो. 3 आठवडे त्यांची एकच तक्रार: सॉफ्टवेअर स्लो आहे. आम्ही पुण्यात बसून सर्व्हरचे लॉग तपासले, डेटाबेसला इंडेक्स लावले आणि 'आमच्याकडे सगळं ठीक आहे' असं कळवून मोकळे झालो.

आज मुनीमकाकांच्या शेजारी नुसता बसून राहिलो. हळदीचे सौदे आटोपले आणि पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीसाठी, शेतकऱ्यांची रांग लागली. काकांच्या डाव्या हातात वजनाच्या चिठ्ठ्या, उजवा कीबोर्डवर. पोती, वजन, दर भराभर टाकायचे. हमाली-तोलाईपाशी आले की हात उचलून माऊस शोधायचा. प्रत्येक पट्टीला 4 वेळा! रांगेतले एक आजोबा एसटी चुकेल म्हणून सारखे घड्याळ बघत होते.

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तुमच्या माणसानं स्क्रीनशॉट मागितला. ह्याचा फोटो कसा काढू?"

यावर काय बोलणार? मनापासून माफी मागितली. एंटर दाबला की पुढचा रकाना, एवढाच बदल. तिथंच बसून तासाभरात झाला.

सोमवारी टीममधल्या दोघांना पेढीवर पाठवतोय, ऐन सौद्याच्या वेळेला.