जॉनी पेस्की आणि फंगो बॅट

आज १३ ऑगस्ट. २०१२ मध्ये याच दिवशी बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे जॉनी पेस्की गेले. आजच्या आठवणींत सगळीकडे संघाच्या मैदानावरचा, फेनवे पार्कचा 'पेस्की पोल' दिसतोय, म्हणजे त्यांच्या नावाचा सीमेवरचा खांब. उजव्या कोपऱ्यातला, जेमतेम ३०२ फुटांवरचा. पण गंमत अशी की, अख्ख्या कारकिर्दीत त्यांचे होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) फक्त १७!

त्यांचं खरं मोठेपण फंगोत. खेळाडू, मॅनेजर, कोच, सगळं करून झाल्यावरही ते पिढ्यान्‌पिढ्या पोरांना फंगोवर क्षेत्ररक्षणाचा सराव देत राहिले. फंगो म्हणजे सरावाची लांब, बारीक, हलकी बॅट. नेहमीच्या बॅटने शेकडो चेंडू मारले की खांदे भरून येतात, म्हणून ही. एका हाताने चेंडू वर सोडायचा, लगेच दोन्ही हात बॅटवर. चेंडू अंगाजवळ पडला तर कोपर अडकतं. फार उंच गेला तर वेळ चुकते. बॅट चेंडूच्या मध्याच्या किंचित वर लागली की सरपटी, खाली लागली की उंच झेल. पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) वेगवान चेंडूला मात्र ही लावू नये, मोडते.

१९४२ला पदार्पणाच्या मोसमातच २०५ हिट्स (फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके), मग नौदलात तीन मोसम गेले, आणि १९४६, १९४७ला पुन्हा दोनशेपार! त्यांच्या जर्सीचा ६ नंबर संघाने २००८मध्ये निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही; फार आधीच करायला हवा होता.