मॉरिशसचा दीड दिवसाचा गणपती आणि बाकीचे आठ दिवस

यंदा घरचा गणपती धाकट्या काकांकडे होता. आईला ऐन गणपतीत मोकळीक मिळाली, तीही लग्नानंतर पहिल्यांदाच. तिने लगेच ठरवून टाकलं, "मॉरिशसचा गणपती बघायचा." मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. आपल्या पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून हाताशी ठेवा; उतरल्यावर दोन्ही बघतात.

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथला हिवाळा. पाऊस कमी, उकाडा नाही, आणि जानेवारी ते मार्चमध्ये असते ती चक्रीवादळांची धास्तीही नाही. मात्र या दिवसांत आग्नेयेकडून वारा सुटतो आणि पूर्व किनारा त्याच्या तोंडावर येतो. म्हणून मुक्काम पश्चिमेला करा. आम्ही फ्लिक-आँ-फ्लाकला एका घरातली वरची खोली घेतली, स्वयंपाकघरासकट. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब, पण मधल्या पठारावरच्या क्युरपीपला पोचलो तेव्हा धुकं होतं आणि आईने माझा स्वेटर घातला. एक गरम कपडा न्याच.

फ्लिक-आँ-फ्लाकपासून जवळच उसाच्या शेतांमध्ये कास्कावेल हे मराठी वस्तीचं गाव आहे. शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ज्वालामुखीची ही जमीन, ऊस लावण्याआधी मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड. त्या मजुरांतच आपल्या कोकणातली माणसं होती. मॉरिशसमध्ये गणेशोत्सव १८९६ पासून होतो आणि त्याची देशभर सरकारी सुट्टी असते. सुट्टी चतुर्थीची नसते, दुसऱ्या दिवशीची असते; कारण इथला गणपती बहुतेक दीड दिवसाचा. तिकीट काढताना ही तारीख नीट बघा. खरा सोहळा विसर्जनाचा असतो आणि चुकला तर वर्षभर थांबावं लागेल.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही मिरवणुकीबरोबर चालत गेलो. ढोलकी, झांजा, आणि गोल धरून नाचणारी पोरंपोरी. याला ते झाकरी म्हणतात. आई थांबून बघतच राहिली. "अगं, ही आपली जाखडी!" म्हणाली. पावलं तीच होती. पोरं एकमेकांशी क्रिओल या तिथल्या भाषेत बोलत होती आणि गाणं मराठीत म्हणत होती. रोजच्या बोलण्यातून मराठी केव्हाच मागे पडली आहे. ती शाळेतल्या मराठीच्या तासात, आरतीत आणि या गाण्यांत टिकून आहे. म्हणून कुणी दोन शब्द अडखळत बोललं तर घाई न करता ऐका. एका आजोबांनी आईला सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारलं, "गाव कुठला?" आईने रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांच्या पणजोबांच्या कागदावर रत्नागिरीच लिहिलंय.

असे कागद मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेले आहेत. नाव, गाव, जहाज, कित्येकांचे फोटोसुद्धा. ती माणसं जिथे उतरली तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत बंदराला लागून आहे. मजुरांना करारावर आणायला १८३४ मध्ये सुरुवात झाली आणि पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं आली. दगडी पायऱ्या फक्त सोळा. आई त्या मोजत चढली आणि वर जाऊन बराच वेळ गप्प बसली. इथे तिकीट नाही, रविवारी बंद असतं. निदान दोन तास ठेवा.

पोर्ट लुईला जायला आम्ही कात्र बोर्नपर्यंत बस आणि पुढे मेट्रो घेतली. बसमध्ये कंडक्टर तिकीट देतो, सुटे पैसे बाळगा. संध्याकाळी बस लवकर बंद होतात, तेव्हा परतीची शेवटची गाडी सकाळीच विचारून ठेवा. आम्ही एकदा विसरलो आणि टॅक्सीला पुष्कळ पैसे मोजले.

शाकाहारी माणसाने खाण्याची चिंता करू नये. मध्यवर्ती बाजाराच्या आसपास ढोलपुरी मिळते: पुरणपोळीसारखी, पण सारण पिवळ्या डाळीचं आणि बिनगोडाचं. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी. ढोलपुरी जोडीनेच विकतात, म्हणून 'एन पेर' म्हणायचं. तिखट नको असेल तर 'सां पिमां'. सोबत गातो पिमां, म्हणजे आपले डाळवडेच. मला सगळ्यात आवडलं ते किनाऱ्यावर मिळणारं चिंच-मिरची लावलेलं छोटं, गोड अननस.

रविवारी हॉटेलसमोरच्या किनाऱ्याऐवजी सार्वजनिक किनाऱ्यावर जा. सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं पातेली घेऊन येतात आणि दुपारनंतर रावान या डफासारख्या वाद्यावर थाप पडली की आज्यासुद्धा सेगा नाचायला उठतात. पाण्यात उतरताना रबरी बूट घाला; तळाशी काटेरी समुद्रसाळू (सी-अर्चिन) असतात आणि विषारी दगडमासा तर दिसतच नाही. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे फक्त बघायचं, पोहायचं नाही.

एकच सहल पैसे देऊन करायची असेल तर मायबूरजवळच्या इल-ओ-झेग्रेतची करा. २६ हेक्टरचं प्रवाळाचं बेट, वाटाड्याबरोबरच जाता येतं. डच लोकांनी तोडून नेलेल्या एबनीची उरलेली झाडं, मोकळी फिरणारी राक्षसी कासवं आणि गुलाबी कबुतरं इथे आहेत. डोडो याच देशातून कायमचा गेला. मॉरिशसचा छोटा ससाणाही १९७४ मध्ये चारच उरला होता. पिल्लं हातांनी वाढवून त्याला परत आणलं. २०२० मध्ये याच किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज खडकावर चढलं आणि तेल सांडलं. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात शिवून लांबच लांब वळ्या केल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. वाटाड्याही त्यांत होता. तो सांगत होता, रात्री घरोघरी बायका शिवत बसल्या होत्या. आईने विचारलं, "पाचट कुणाच्या शेतातलं?" तो म्हणाला, "सगळ्यांच्या."