न दाबलेले बटण

गेल्या पावसाळ्यात नाशिकमधल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिर्यारोहकांच्या बचाव पथकात काम करणारा एक तरुण आला आणि मुठीत मावेल एवढा टॉर्च टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, हा आपल्या मनाने मोड बदलतो." आदल्या शनिवारी पाय मुरगळलेल्या एका पर्यटकाला आधार देत हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्या उतरताना अंधार पडला होता, आणि नेमक्या त्या वेळी टॉर्च मंद झाला, मग प्रखर झाला, मग भराभर लुकलुकू लागला. लुकलुकणाऱ्या उजेडात पायरीची कड कुठे संपते तेच कळेना, म्हणून दोघेही कातळाला धरून बसून राहिले. ते ऐकल्यावर हे काम मी दुसऱ्या दिवसावर टाकले नाही.

टॉर्च तापला किंवा सेल उतरला, तर आतले सर्किट स्वतःहून उजेड कमी करते. तो बिघाड नसतो. मात्र अशा वेळी उजेड कमी होतो, एकाएकी प्रखर होत नाही. इथे तो मधूनच प्रखर झाला होता आणि उभे असताना काहीच होत नव्हते, चालताना होत होते. म्हणजे हादऱ्याशी संबंध होता, आणि आमच्या धंद्यात त्याचा पहिला अर्थ लूज कॉन्टॅक्ट.

या प्रकारच्या टॉर्चमध्ये मोड बदलायला वेगळी तार नसते. मागचे बटण अर्धे दाबले की वीजप्रवाह क्षणभर तुटतो. प्रवाह परत आल्यावर पुढच्या भागातला छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, थोडी वीज साठवणाऱ्या एका कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवरून खंड किती वेळाचा होता ते ताडतो आणि तो अगदी थोड्या वेळाचा असला तर पुढचा मोड लावतो. प्रवाह बोटाने तोडला की हादऱ्याने, हे कळण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते.

तरुणाची आणखी एक तक्रार होती, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटली. टॉर्च घेतला तेव्हाच त्याने सेटिंगमध्ये जाऊन लुकलुकणारा मोड काढून टाकला होता, तरीही तो परत आला होता. या टॉर्चचे सेटिंग लागोपाठ दहापेक्षा जास्त वेळा झटपट बटण दाबल्यावर उघडते, मग एकेका पर्यायापाशी थांबते आणि त्या अवधीत बटण दाबले तर तो पर्याय बदलते. पायऱ्यांवरून दणदण उतरताना बसलेल्या हादऱ्यांची गणती दाबांमध्ये झाली होती. प्रोग्रॅमने आपले काम चोख केले होते. दोष त्याच्यापर्यंत वीज पोहोचवणाऱ्या वाटेत होता.

ती वाट मी मागून तपासायला घेतली. मागचे झाकण काढले, जाड तारेचा तुकडा सेलच्या ऋण टोकावर आणि नळीच्या उघड्या कडेवर बोटाने घट्ट दाबून धरला आणि टॉर्चच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने ठोकून पाहिले. उजेड हलला नाही, तेव्हा पुढचा भाग निर्दोष ठरला. झाकणात बटणाची चकती धरून ठेवणारी दोन खाचांची पितळी रिंग असते आणि प्रवाह तिच्यातूनच नळीत जातो. चिमट्याची टोके खाचांत घालून फिरवली, तर ती जवळजवळ अर्धा फेरा आत गेली. आट्यांवर जुने ग्रीस काळे पडून घट्ट बसले होते. तेही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढले.

आता आडवे ठोकले तर काहीच होत नव्हते, पण टॉर्च उभा धरून त्याचे बूड रबराच्या मॅटवर आपटले की तीन-चार खेपांत एकदा तरी मोड बदलत होता. रिंग आवळून टॉर्च परत देऊन टाकण्याचा मोह अशाच वेळी होतो.

"सेल कधी बदललात?" मी विचारले. दोन महिन्यांपूर्वी, असे उत्तर आले, आणि सुदैवाने जुना सेल त्याच्या सॅकमध्येच होता. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून मी सेलला सेलच म्हणतो.) दोन्ही 18650 या मापाचेच, म्हणजे व्यास 18 मिलिमीटर आणि लांबी 65. परंतु जुन्याच्या बुडाला संरक्षक सर्किट असल्यामुळे व्हर्निअर कॅलिपरने मोजल्यावर त्याची लांबी 69 भरली. नवा साधा, चपट्या टोकाचा, 65 चा. सेलला दाबून धरणारी स्प्रिंग फक्त झाकणात होती आणि तीही वापराने बसली होती. त्यामुळे प्रत्येक धक्क्याला नवा सेल क्षणभर मागे सरून पुढच्या पितळी टोकापासून सुटत होता. जुना सेल घालून तीसेक वेळा आपटले, मोड एकदाही बदलला नाही.

मोकळी जागा भरायला काही जण सेलच्या टोकावर लोहचुंबकाची चकती ठेवतात. ती धक्क्याने सरकली तर थेट शॉर्ट होऊ शकतो, म्हणून माझ्या दुकानात ते होत नाही. मी मागची स्प्रिंग बदलली आणि पुढच्या पितळी टोकावरही एक आखूड स्प्रिंग सोल्डर केली, म्हणजे सेल दोन्ही बाजूंनी धरला जाईल.

सेटिंगमधून लुकलुकणारा मोड पुन्हा काढला. अंधार पडल्यावर इमारतीच्या जिन्यातले दिवे बंद करून तो तरुण टॉर्च हातात घेऊन तीन मजले धावत उतरला, परत वर गेला, पुन्हा उतरला. मी खाली उभा राहून भिंतीवरचा उजेड पाहत होतो. सहाव्या फेरीपर्यंत तो एकसारखा होता. मग त्याने टॉर्च बंद केला, जुना सेल माझ्याकडे जादा म्हणून ठेवायला दिला आणि पुढच्या शनिवारी पथकातले आणखी चार टॉर्च तपासायला आणतो, असे सांगून गेला.