जुन्या ट्रकच्या पोटातला आवाज

जुन्या ट्रकखालून आवाज येऊ लागला, की पहिला निकाल बहुधा ठरलेलाच असतो : क्राऊन गेला. धुळ्यात काय किंवा जळगावात काय, गाडी गॅरेजसमोर नीट उभीही राहिलेली नसते, तोवर कुणीतरी तो सुनावून मोकळा होतो. या घाईचा मला राग येतो. क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली चाकांना ताकद देणारी दातेरी चक्रांची जोडी, बदलणे हा मालकाचे कंबरडे मोडणारा खर्च आहे, आणि आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो हे आधी विचारले, तर पुष्कळदा त्या खर्चाची वेळच येत नाही. लोखंडी चासीतून आवाज मागेपुढे फिरत राहतो. मागच्या हौजिंगमधली, म्हणजे ही जोडी ज्या लोखंडी कवचात असते त्यातली, घरघर केबिनमध्ये पायाखाली ऐकू येते आणि ताकद मागे नेणाऱ्या लांब शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा दोष मागच्या चाकांच्या माथी मारला जातो.

आमच्याकडे टाटाचा बारा-दहा (१२१०) ट्रक आहे. सावदा-फैजपूरकडची केळी आणि हंगामात कापूस वाहण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि आता तो बोलतो जास्त, ओढतो कमी. त्याचे म्हणणे समजून घ्यायचे, तर सुरुवात उभ्या गाडीपासून करावी, कारण तिला डिझेलही फारसे लागत नाही. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये उभी करावी. क्लचवर पाय नसताना घरघर येत असेल आणि पॅडल दाबताच ती थांबत असेल, तर संशय गेअरबॉक्समधल्या पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट पॅडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. गाडी चालू लागल्यावर टॉपच्या गेअरकडे लक्ष द्यावे. या जुन्या ट्रकांत तो डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद गेअरबॉक्समधल्या खालच्या शाफ्टचे दाते वगळून सरळ मागे जाते. म्हणून इतर गेअरांत येणारा आवाज टॉपमध्ये नाहीसा झाला, तर हौजिंगकडे बोट दाखवण्याचे कारणच उरत नाही.

खरी परीक्षा मात्र भरल्या गाडीने, धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगच्या घाटात होते. चढणीला क्राऊनच्या दात्यांची एक बाजू ओझे घेते, आणि परतताना उताराला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की दुसरी. ओढताना येणारा हुंकार पाय सोडताच बंद होतो, की तेव्हाच सुरू होतो, एवढे ड्रायव्हरने लक्षात ठेवले, तरी मिस्त्रीचे अर्धे काम होते. वळणावर स्टिअरिंग एका बाजूला वळवले की वाढणारा आणि दुसऱ्या बाजूला कमी होणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. डांबर बदलले की बदलणारा आवाज टायरचा असतो, आणि त्यापायी गाडी खोलणाऱ्याला काय म्हणावे हे मी इथे लिहीत नाही.

आमचे मिस्त्री वयाने मोठे, बोलायला कमी. गाडीखाली आडवे होऊनच ते ड्रायव्हरला विचारतात, ‘काय म्हनी ऱ्हायनी रे गाडी?’ या खेपेस उत्तर आले, ‘पहिला टाका का टक् करस, आबा.’ पुढचा गेअर टाकला की एकदा आणि रिव्हर्स टाकला की एकदा येणारी ही टक्क मागे जाणाऱ्या लांब शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसची, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याची, खूण असते. मिस्त्रींनी चाकांना दगड लावून घेतले, शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला आणि बॅटरीचा उजेड क्रॉसच्या टोपीवर धरला. सीलभोवती गंजाची बारीक तांबूस भुकटी साचली होती. आतले ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया कोरड्या घासू लागल्या, की ही भुकटी बाहेर येते. ती दिसल्यावर ग्रीसगन मारून काही उपयोग नसतो, क्रॉस बदलावाच लागतो. शाफ्ट सोडण्याआधी त्यांनी दोन्ही भागांवर छन्नीने खुणा केल्या, कारण तो सरकत्या जागी एखादा दाता चुकून बसला, तर दोन्ही टोकांचे जॉइंट एकमेकांशी जुळत नाहीत आणि नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरत राहते.

तरीही हौजिंगचे तेल पाहायचे ठरले, आणि इथे प्लगने अडवले. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात प्लगच्या खाचेत बसते आणि वैशाखापर्यंत सिमेंटसारखी होते. त्यात आधीच्या कुणीतरी भलत्या मापाचा पाना लावून कोपरे गोल केलेले असतात. अशा वेळी नियम एकच, आणि तो मी पाळलेला फार कमी ठिकाणी पाहिला आहे : तेल काढायचा खालचा प्लग सोडण्याआधी भरायचा वरचा प्लग उघडून पाहावा. खालून तेल सोडून दिले आणि वरचा हललाच नाही, तर गाडी कोरड्या हौजिंगने गॅरेजात अडकून पडते.

वरचा प्लग अर्थातच हलला नाही. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने कडा मोकळ्या केल्या, हातोडीने प्लगच्या तोंडावर सरळ ठोके दिले, गंज सैल करणारे डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवले. सकाळी त्यांनी पाना उलटा फिरवण्याआधी थोडा आवळून पाहिला. गंजाची पकड पुष्कळदा त्या उलट झटक्यानेच तुटते. तेही जमेना, तेव्हा गोल झालेल्या डोक्यावर मोठा नट ठेवून तो आतून वेल्डिंगने भरायचा, हा शेवटचा उपाय उरला. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लग फुगतो आणि थंड होताना आकसतो, त्यात आटे सुटतात. गाडीच्या बॅटरीच्या वायरी त्यांनी आधीच काढल्या होत्या. वेल्डरने अर्थिंगचा चिमटा सवयीने चासीला लावला, तसे मिस्त्रींनी तो काढून हौजिंगवर, प्लगच्या शेजारी लावायला सांगितला; करंट बेअरिंगमधून गेला, तर गोळ्यांवर चट्टे पडतात, आणि मग जो आवाज नव्हता तोही येऊ लागतो. नट निवल्यावर लांब पान्याला प्लग कुरकुरला आणि फिरला. अडकलेला तुकडा आतून पकडून फिरवायचा ईझी-आउट त्यांनी पेटीतून बाहेरही काढला नाही. ते पोलाद इतके कडक असते, की आत तुटले तर त्यावर ड्रिल चालत नाही.

मग खालचा प्लग सोडला. त्याच्या चुंबकावर करडी, मऊ लुगदी होती. बोटांत चोळली तर टोचले नाही. दात्यांची रोजची झीज अशीच दिसते. चकचकीत कपचे निघाले असते, तर क्राऊनची गोष्ट वेगळी होती. तेल काळे होते, पण पांढुरके नव्हते, म्हणजे पाणी शिरलेले नव्हते. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड, मात्र मातीने पार बुजला होता. तो बुजला की हौजिंग तापल्यावर आतला दाब सील फोडून तेल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचवतो, आणि उताराला ते महागात पडते. ब्रीदर रॉकेलने धुतला, दोन्ही प्लग नवे घेतले, आट्यांवर ग्रीसचा हात फिरवला आणि नव्वद नंबरचे तेल वरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरले.