दोन बोर्डिंग पास, एक प्रवासी

गेटवरच्या यंत्राला पहिला बोर्डिंग पास लावला, हिरवा दिवा लागला. दुसरा लावला, लाल. "या पासचे प्रवासी कुठे आहेत?" कर्मचाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही मीच आहे." मागे रांग थांबली होती. तिकीट काढल्यापासून याच प्रसंगाची मला धास्ती होती, आणि तो आला परतीच्या अगदी शेवटच्या विमानाला, तोवर बाकीचं सगळं पार पडलं होतं.

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं. तिच्याकडे जायला दोन विमानं, यायला दोन. चारही टप्प्यांना मी शेजारची जास्तीची सीट घेतली होती. माझ्यासारख्या अंगाच्या माणसांना हा सगळा खटाटोप आधी कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितेय.

दोन सीट का घेतल्या ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एकाच सीटवर साडेचार तासांचा प्रवास केला होता. शेजारी एक वयस्कर बाई होत्या. आमच्यामधला आर्मरेस्ट खाली येतच नव्हता. त्या एका शब्दानं काही बोलल्या नाहीत, पण सगळा वेळ अंग आइलकडे, म्हणजे मधल्या वाटेकडे, कलतं करून बसल्या होत्या आणि ट्रॉली आली की दर वेळी खांदा आत ओढून घेत होत्या. मी हात छातीशी बांधून बसले होते. उतरताना त्या मान चोळत होत्या. त्यांनी अख्ख्या सीटचे पैसे भरले होते, मीही भरले होते, आणि अख्खी सीट दोघींपैकी कुणालाच मिळाली नव्हती. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी काहीतरी व्यवस्था करायची.

सगळ्यात आधी टेप काढा. कडक बैठकीच्या खुर्चीवर बसा आणि बसल्यावर कमरेखालचा भाग जिथे सगळ्यात रुंद होतो तिथलं माप घ्या. उभं राहून घेतलेलं माप उपयोगाचं नाही, बसल्यावर शरीर पसरतं. मग हा आकडा विमानाच्या आकड्याशी ताडून पाहा. बोइंग ७३७ मध्ये इकॉनॉमीची सीट दोन आर्मरेस्टच्या मधे साधारण १७ इंच असते, एअरबस ए३२० मध्ये साधारण १८. एक इंच ऐकायला काहीच नाही, पण चार तास बसायचं असेल तर तो इंच मांडीला कळतो. एम्ब्रेअरची छोटी जेट विमानं मला सगळ्यात सोयीची वाटतात. सीट १८ इंचांच्या थोडी वरच असते आणि रांग दोन-दोनची, त्यामुळे मधली सीट हा प्रकारच नाही. तिकीट काढताना विमानाचा प्रकार तपशिलात दिलेला असतो. वेळ आणि भाडं यांच्या आधी मी आता तो पाहते.

मोठ्या विमानात आपोआप जास्त जागा मिळेल असं समजू नका. बोइंग ७७७ पूर्वी बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ सीट बसवून चालवत, तेव्हा सीट साडेअठरा इंचांच्या आसपास होती. आता कित्येक कंपन्यांनी त्याच भिंतींच्या आत दहा सीट बसवल्यात आणि रुंदी १७ वर आलीय. ७८७ मध्ये आठ सीटची रांग शक्य असताना जवळजवळ सगळीकडे नऊ दिसतात. हे मी मुद्दाम सांगतेय. "माणसं जाड झाली" असं सगळे म्हणतात, पण त्याच काळात सीट अरुंद झाली हे फारसं कुणी बोलत नाही.

बुकिंगची गोष्ट जरा लांबलचक आहे. वेबसाइटवर एकाच नावाने दोन सीट घ्यायला गेलात तर बऱ्याचदा ती चूक समजली जाते, किंवा पुढे दुबार बुकिंग म्हणून एक तिकीट रद्द होतं. माझ्या कंपनीच्या साइटवर तशी सोयच नव्हती. फोन केला. पहिल्या माणसाला काही माहीत नव्हतं, दुसऱ्या बाईंना होतं. जास्तीच्या सीटसाठी विमान कंपन्यांचा एक ठरलेला संकेत असतो, 'ईएक्सएसटी', म्हणजे एक्स्ट्रा सीट. तो नावाच्या जागी टाकतात आणि दोन्ही सीट एकाच बुकिंग क्रमांकाखाली येतात. फोनवर हा संकेत स्वतःहून सांगितलात तर काम निम्म्या वेळात होतं. तिथेच आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: दुसऱ्या सीटवर प्रवासी-कर लागतात का (माझ्या बाबतीत काही वगळले गेले), त्या सीटमागे सामानाची मुभा वाढते का, आणि विमान भरलं नाही तर पैसे परत मिळतात का. उत्तरं ईमेलवर मागवा. पुढे वाद झाला तर फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही.

सीट निवडताना पहिली रांग टाळा, जिच्या समोर भिंत असते ती. तिथे ट्रे आणि स्क्रीन आर्मरेस्टमध्ये बसवलेले असतात, त्यामुळे तो वर उचलता येत नाही. मग दोन सीट घेऊनही तुम्ही एकाच चौकटीत अडकता. आपत्कालीन दाराजवळची रांगही नको, तिथे बेल्टचा एक्स्टेन्डर, म्हणजे बेल्ट लांब करायचा जोडपट्टा, वापरू देत नाहीत. प्रीमियम इकॉनॉमीचा, म्हणजे साध्या वर्गाच्या एक पायरी वरच्या वर्गाचा, विचार जरूर करा, काही वेळा ती दोन साध्या सीटपेक्षा स्वस्त पडते. पण तिथलेही आर्मरेस्ट बहुधा पक्के असतात. १९ इंच पुरत असतील तरच उपयोग.

जातानाचा पहिला टप्पा सुरळीत गेला. ए३२०, खिडकीची आणि मधली सीट. विमानाच्या दारातच मी कर्मचारी मुलीला हळूच म्हटलं, "मला एक्स्टेन्डर लागेल." तिने तो हातात घडी करून आणून दिला, कुणाला दिसलाही नाही. जागेवर बसून बटण दाबून मागण्यापेक्षा हे कितीतरी बरं. स्वतःचा विकत घेतलेला एक्स्टेन्डर न्यायच्या भानगडीत पडू नका. बकल विमानागणिक वेगवेगळं असतं आणि बाहेरचा एक्स्टेन्डर बऱ्याच कंपन्या चालवून घेत नाहीत. आर्मरेस्ट वर केला आणि कितीतरी वर्षांनी मी विमानात हात मोकळे सोडून बसले. आइलच्या बाजूचा आर्मरेस्टही बऱ्याच विमानांत वर होतो. त्याच्या खाली, मागच्या सांध्यापाशी एक लपलेली कळ असते, बोटांनी चाचपली की सापडते.

दुसऱ्या टप्प्याला गाडं अडलं. ऐनवेळी विमान बदललं आणि संगणकाने सगळ्यांना नव्याने जागा वाटल्या. मला मिळाली ३४ सी, आणि माझ्या 'ईएक्सएसटी'ला ४१ ई. सात रांगा मागे एक रिकामी सीट, तिचे पूर्ण पैसे माझे. काउंटरवरचा तरुण म्हणाला, "सीट तर दोन्ही दिल्यात." मी त्याला बुकिंग दाखवलं, ईमेल दाखवला. आवाज चढवला नाही, पण काउंटर सोडला नाही. शेवटी त्याच्या वरिष्ठ बाई आल्या आणि ३४ बी वरच्या प्रवाशाला विनंती करून ४१ ई वर पाठवलं. तोही बिचारा काही न बोलता उठला. यातून दोन गोष्टी घ्या: निघायच्या आदल्या आठवड्यात रोज एकदा बुकिंग उघडून विमानाचा प्रकार आणि सीट क्रमांक पाहा, आणि मधल्या विमानतळावर किमान दोन तास हातात ठेवा. माझ्याकडे सव्वा तास होता. तो सगळा तिथेच गेला.

बहिणीकडचे दिवस तिचे होते, त्याबद्दल इथे लिहीत नाही. तिची तब्येत आता ठीक आहे. फक्त एक. मी दोन सीट घेतल्या हे कळल्यावर ती म्हणाली, "ताई, तू दुप्पट पैसे भरून आलीस? मग दोनदा का नाही आलीस?" तिचा हिशोब बरोबर होता. वर्षातून दोनदा भेटायचं ते आता एकदाच होतं.

परतीच्या लांब टप्प्यात माझ्या दुसऱ्या सीटच्या पलीकडे एक अतिशय उंच गृहस्थ होते. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. मधे रिकामी सीट कशी, असं त्यांनी विचारलं आणि मी सरळ सांगितलं. ते म्हणाले, "मीही पायांच्या जागेसाठी दर वेळी जास्त पैसे भरतो. या वेळी तशी सीट मिळाली नाही, म्हणून ही अवस्था. उंची काय मी मागून घेतली होती? मग तुम्हाला वेगळा न्याय का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. प्रश्न खरा होता. बराच वेळ विचार करून मी म्हटलं, "तुम्ही पैसे भरले नाहीत तर तुम्हाला त्रास होतो, पण विमानातून उतरवत नाहीत. मला उतरवू शकतात." कारण बहुतेक कंपन्यांचा नियम आर्मरेस्टवर चालतो. दोन्ही आर्मरेस्ट खाली येऊन तुम्ही त्यात मावत नसाल तर दुसरी सीट घ्या, विमान भरलेलं असेल तर पुढच्या विमानाची वाट पाहा. हे ठरतं दारात, लोकांसमोर. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "हे खरं आहे." पण पटलं नव्हतं हे मला दिसत होतं, आणि त्यात काही वावगं नाही.

त्यांनी इंधनाचाही मुद्दा काढला. जास्त वजन, जास्त इंधन, जास्त भाडं. सामोआ एअर या विमान कंपनीने २०१३ च्या सुमारास खरोखर किलोवर भाडं लावलं होतं. पण तिची विमानं अगदी छोटी होती, तिथे एकेका माणसाच्या वजनाने तोल बदलतो. छोट्या विमानात वजनाचा हिशोब किती महत्त्वाचा असतो हे जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेत शार्लटला कोसळलेल्या विमानाने दाखवलं. २१ माणसं गेली. दुरुस्तीतली चूक हे एक कारण होतं, आणि प्रवाशांचं धरलेलं सरासरी वजन खऱ्यापेक्षा कमी होतं हे दुसरं. त्यानंतर तिथल्या नियमांतली सरासरी वाढवली गेली. २०२३ मध्ये एअर न्यूझीलंडने आणि २०२४ मध्ये फिनएअरने प्रवाशांचं ऐच्छिक वजन घेतलं तेही या सरासरीसाठीच. म्हणजे मोठ्या विमानात वजन सगळ्यांचं मिळून धरलेलं असतं. माझ्याकडून मागतात ते पैसे इंधनाचे नाहीत, रुंदीचे आहेत. माझ्याइतक्याच वजनाच्या पण अरुंद बांध्याच्या माणसाला कुणी दुसरी सीट घ्यायला सांगत नाही.

आणि रुंदीचेच असतील तर ती रुंदी ठरवतं कोण? अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं, त्यानंतर कित्येक वर्षं आकडा ठरला नाही. तिकिटावर सामानाचं माप असतं, वजन असतं. सीट किती इंचांची ते नसतं. माप न सांगता विकायचं आणि मावत नाही म्हणून पुन्हा पैसे घ्यायचे, हे मला मान्य नाही. शेजारच्या प्रवाशाला त्याची पूर्ण सीट मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासाठी लागणाऱ्या जास्तीच्या सीटचा खर्च सगळ्यांच्या भाड्यात विभागला जावा असं मला वाटतं, जसा व्हीलचेअरच्या मदतीचा जातो.

हे स्वप्नरंजन नाही. कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये तसाच आदेश दिला: देशांतर्गत विमानांत अपंगत्वामुळे, त्यात स्थूलपणामुळे येणारं अपंगत्वही आलं, जास्तीची सीट लागत असेल तर एका माणसाला एकच भाडं. कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, न्यायालयाने त्याच वर्षी अपील ऐकायला नकार दिला आणि २००९ पासून नियम लागू झाला. तिकडे देशांतर्गत प्रवास करणार असाल तर डॉक्टरांनी भरलेला अर्ज लागतो, तो बऱ्याच आधी पाठवा. उलट दिशेचं उदाहरणही आहे. अमेरिकेतली साउथवेस्ट ही विमान कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्या सीटचे पैसे मागाहून परत देत असे. २७ जानेवारी २०२६ पासून तिथे प्रवाशांना ठरलेल्या जागा देणं सुरू झालं आणि नियम आवळला. सीट आधीच घ्यायची, आणि परतावा फक्त विमान किमान एक सीट रिकामी ठेवून निघालं तर. दोन्ही तिकिटं एकाच भाडेप्रकारातली हवीत आणि अर्ज ९० दिवसांत.

आता तो लाल दिवा. दुसऱ्या पासचा प्रवासी 'आलाच नाही' अशी नोंद झाली तर ती सीट प्रतीक्षेतल्या कुणालातरी दिली जाऊ शकते. म्हणून बोर्डिंग सुरू व्हायच्या आधीच गेटवर जाऊन सांगा आणि दोन्ही पासची नोंद झालेली डोळ्यांनी पाहून घ्या. मी गेले नव्हते, तीन टप्पे निभावल्यामुळे गाफील राहिले होते. कर्मचाऱ्याने हाताने नोंद केली, मिनिटभर लागलं. आत शिरले तर अर्धं विमान रिकामं. शेजारी कुणी येणारच नव्हतं.

घरी आल्या आल्या परताव्याचा अर्ज केला. शेवटच्या टप्प्याचे पैसे तीन आठवड्यांनी आले. लांब टप्प्यातही मागे चार-पाच सीट रिकाम्या होत्या, मी उतरताना मोजल्या होत्या, पण कंपनी म्हणते विमान भरलेलं होतं. तो वाद चालू आहे. पैसे खात्यात दिसेपर्यंत दोन्ही पासचे तुकडे फेकू नका. माझे अजून पर्समध्ये आहेत.