ट्रॉलीला कॅमेरा बसवला

आज उद्यमनगरात पिकअपच्या मागच्या ट्रॉलीला कॅमेरा बसवून घेतला. गेल्या महिन्यात मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांनी भरलेली ट्रॉली मागं घेताना एक पोरगं चाकाजवळ आलं होतं. आरशात दिसलंच नाही, हमाल ओरडला म्हणून वाचलं. तेव्हापासून झोप नव्हती.

कॅमेरा बसवणं सोपं, वायर पुढं आणणं अवघड. हुकाजवळ ती थोडी ढिली सोडावी लागते, नाहीतर वळताना ताण बसून तुटते. मिस्त्रींनी तिथंच प्लग दिला, म्हणजे ट्रॉली सोडताना वायरही सुटते. जोडावर रबरी नळी चढवली. आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे!

संध्याकाळी दारात रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर ट्रॉलीमागं बसलेलं मांजर दिसलं, अगदी कानासकट. ते उठून जाईपर्यंत गाडी हलवली नाही.